बंद पेटीतला फोन

१

सोमवारी सकाळी मी पेटीची दोरी कापली, आणि बायको गेल्यावर जे उरलं होतं तेही गेलं हे मला कळलं.

पेटी मीच केलेली. मी बाइंडर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. पुठ्ठा, कापड, खळ आणि सरस यांवर आमचं घर चाललं. ती शिलाईला बसायची, मी पुठ्ठ्याला. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात आलो आणि तिच्या फोनच्या मापाची पेटी केली. माझ्या पेटीत वस्तू हलत नाही, असं गिऱ्हाईक म्हणतं. खालच्या कडेला, कापडाच्या पट्टीआड, वायर जाईल एवढं तोंड ठेवलं. फोनची बॅटरी भरली, तो बंद केला, त्याच संध्याकाळी आत ठेवला. झाकणावरून दोरी बांधली, गाठीवर खळीचा थेंब टाकला. घरच्यांना सांगितलं, याला कुणी हात लावायचा नाही. माणसाला काहीतरी करावं लागतं. मला एवढंच येत होतं.

त्याला बावीस दिवस झाले होते.

दोरी कापून झाकण उघडलं तर बंद करून ठेवलेला फोन चालू होता. निळा पडदा, त्यावर खाली जाणारा एक बाण, आणि इंग्रजीत एक ओळ. तेवढं इंग्रजी मला येतं. बंद करू नका, असं लिहिलं होतं. मी बटणं दाबली, पडद्यावर बोट फिरवलं. चित्र जागचं हललं नाही.

त्या फोनमध्ये काय होतं ते सांगायला हवं. एका निवृत्त डॉक्टरांनी त्यांच्या वडिलांची वही दुरुस्तीला दिली होती. वडीलही डॉक्टर. पन्नास वर्षांच्या रोग्यांच्या नोंदी, दोनशे बारा पानं, पाण्यानं डागाळलेली. पानांवर ना आकडे ना तारखा. डॉक्टरांची एकच अट होती, वडिलांच्या अक्षराशेजारी आपलं पेन्सिलचं टिंबसुद्धा नको. पानं सुटी करून धुवायची होती, म्हणून क्रम लक्षात ठेवायला बायकोनं आपली रीत काढली. एकेक पान सोडवताना त्याची वरची ओळ आणि खालची ओळ ती फोनला वाचून दाखवायची, नंतर मी ते ऐकत पानं लावावीत म्हणून. हात ओले असायचे आणि डोळे अधू झाले होते. भिंगातून तिला अक्षर दिसायचं, पण काळ्या फोनचं काळं बटण दिसायचं नाही. मग मुलीनं अशी सोय करून दिली की आवाज कमी करायचं बटण दोनदा दाबलं की बोलणं साठवायला सुरुवात व्हावी. ते बटण बोटाला सापडावं म्हणून बायकोनं त्यावर सरसाचा एक थेंब टाकला. सरस वाळला की काचेसारखा टणक होतो.

पानं धुऊन झाली, वाळली, आणि ती दवाखान्यात गेली. पानं मी दोरीवरून उतरवली आणि एका गठ्ठ्यात ठेवली. क्रम फक्त त्या फोनमध्ये होता. तिचा आवाजही तिथंच होता, दुसरीकडे कुठं नाही. वही जुळवायला बसायचं म्हणूनच दोरी कापली होती.

फोन हातात घेऊन मी टेबलाशी बसलो. शेजारी आमचा जुना कॉम्प्युटर असतो, पुस्तकांच्या पाठीवरची नावं छापायला. त्याच्या कापडी कव्हराचे चारी कोपरे आत मुडपलेले होते, ती मुडपायची तसे. मी कव्हर नुसतं फेकतो. क्षणभर मला वाटलं, ती आत्ताच उठून आत गेली असेल.

२

फोन दुरुस्त करणारी बाई जिन्याखालच्या दुकानात बसते. डोळ्याला भिंग लावून तिनं फोन वीस मिनिटं बघितला.

"काका, मेला नाहीये. अडकलाय."

"म्हणजे?"

"प्रत्येक फोनला एक मागचं दार असतं, आमच्यासारख्यांसाठी. तिथून नवी व्यवस्था आत भरता येते. हा त्या दारात उभा आहे. ना आत, ना बाहेर."

"मग ओढा की बाहेर."

"मघापासून तेच करतेय. कॉम्प्युटरला जोडलेला ठेवून चालू-बंदचं बटण पंधरा सेकंद धरलं की विझतो, परत पेटतो, आणि परत त्याच दारात. आमच्या सासूबाई अशाच. निघते निघते म्हणायचं आणि उंबऱ्यात तासभर." ती हसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "कुणाचा आहे?"

मी सांगितलं.

तिनं भिंग काढून ठेवलं. "आतली व्यवस्था बिघडली असणार. नवी भरली तर फोन चालू होईल. पण नव्यासारखा होईल. आत काही उरणार नाही."

"नको."

"भरत नाही. तुम्ही म्हणेपर्यंत हातच लावत नाही. पण एक सांगू? हे आपोआप होत नाही. या जुन्या मॉडेलला एकच रीत. फोन पूर्ण बंद हवा. आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं, आणि तसंच धरून वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा. भिंतीतल्या चार्जरनं होत नाही, कॉम्प्युटरच लागतो. हे कुणीतरी केलंय."

"कधी?"

"पडदा पेटलेला राहिला की बॅटरी खातो. भरलेली असली तरी एक दिवस, फार तर सव्वा. आत्ता निम्म्याच्या खाली आहे. म्हणजे काल. काल कोण आलं होतं घरी?"

काल, रविवारी, तीन माणसं आली होती. तीनला माझी मुलगी. चारला डॉक्टर. साडेपाचला मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मुलगी आली तेव्हा मी आत तासभर पडलो होतो. डॉक्टर आले तेव्हा चहाला आत गेलो. मेहुण्यानं त्याचा आणि बहिणीचा लहानपणीचा फोटो मागितला, तो शोधायला माळ्यावर चढलो. तिघंही दुकानात एकटी बसली होती, पेटीपासून चार हातांवर.

मी तसाच मेहुण्याच्या घरी गेलो.

३

मेहुणा विजेचे मीटर वाचतो. त्याच्या पिशवीत मीटर वाचायचं यंत्र असतं आणि वायरींचं भेंडोळं. ती पिशवी दाराशी खिळ्याला टांगलेली होती. माझी नजर तिकडे गेली ती त्यानं बघितली.

"दाजी, माझ्यावर संशय घेताय."

"नुसतं विचारतोय."

"चार महिने ती आजारी होती, मी आलो नाही. तेव्हाही तुम्ही नुसतंच विचारत होता."

"का आला नाहीस?"

त्याची बायको पाण्याचा पेला ठेवून आत गेली.

"भांडण झालं होतं. ती म्हणाली, आता येऊच नकोस. मी पण ताठ. वाटलं, बरी झाली की बघू." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिनं फोनमध्ये बोलून ठेवलंय हे मला माहीत होतं. त्यात माझा उद्धार केला असेल तर तो ऐकायची माझी हिंमत नाही. पण पुसायला मी काय वेडा आहे? शिव्या असल्या तरी तिच्या आवाजातल्या आहेत ना. राहू देत की."

मी उठलो. तो दारापर्यंत आला.

"एक मात्र होतं. मी आलो तेव्हा ती पेटी फळीवर उलटी होती. गाठ भिंतीकडे. तुम्ही ठेवलीत तेव्हा गाठ समोर होती, त्या दिवशी मीच शेजारी उभा होतो. सरळ करणार होतो, पण हात लावायचा नाही म्हणाला होतात."

तो खरं बोलत असेल तर पेटी साडेपाचच्या आधीच कुणीतरी हलवली होती. मग डॉक्टरच उरतात असं मला वाटलं. काल त्यांच्या काखेत लॅपटॉप होता.

मंगळवारी मी त्यांच्याकडे गेलो. माझा प्रश्न संपायच्या आत ते खुर्चीतून उठले.

"अहो बाइंडर, डोकं ठिकाणावर आहे का? वही जुळली तर ती अख्खी माझ्याकडे राहते, तसं ठरलंय आमचं. नाही जुळली तर बहीण म्हणते, सुटीच पानं आहेत, निम्मी मला द्या. तो फोन बिघडवणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. मला कळत नाही एवढं?"

"लॅपटॉप होता तुमच्याकडे."

"होता. बहिणीचं पत्र दाखवायला आणला होता. तुमचा चेहरा बघितला आणि दाखवलं नाही. आता ऐकाच. शनिवारी ती येतेय. तोवर वही जुळली नाही तर पानं वाटली जातील, पत्त्यांसारखी."

थोड्या वेळानं त्यांचा आवाज उतरला.

"जेवता का वेळेवर?"

"जेवतो."

"खोटं बोलता. बरं, तुमचा तो जुना कॉम्प्युटर रविवारी चालू होता का हो?"

"नाही. महिन्याभरात लावलेला नाही."

"मग माझा हात म्हातारा झाला म्हणायचं. परवा खुर्चीत बसताना मी त्याच्यावर हात टेकला. चांगला गरम होता, कव्हराखालीसुद्धा. ताप बघण्यात जन्म गेलाय माझा, चटकन कळतं."

डॉक्टर चारला आले. आल्याबरोबर त्या खुर्चीत बसले. तेव्हा कॉम्प्युटर आधीच गरम होता. आणि कव्हराचे कोपरे चारी बाजूंनी मुडपलेले होते. हे घरात आणखी एकाच माणसाला येतं. ते तिनं आईकडून उचललंय.

मी घरी परत येताना दोन वेळा रस्ता चुकलो.

४

मुलगी बुधवारी संध्याकाळी कामावरून परस्पर आली. चपला काढताना म्हणाली, "बाबा, भात लावू का?"

"बस आधी. रविवारी आईच्या फोनला हात लावलास?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. लहानपणापासूनची सवय.

"मी पेटी उघडली नाही, बाबा."

"पेटीचं विचारलं नाही मी."

"नाही उघडली. खरंच. आईशप्..." ती मध्येच थांबली. ती शपथ आता घेता येत नाही, हे आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. ती उठून आत गेली आणि भात लावला. आम्ही जेवलो. जाताना ती म्हणाली, "फोनवाली काय म्हणते? निघेल ना सगळं?" मी म्हणालो, बघू. तिचे डोळे भरले होते.

ती गेल्यावर मी कापलेली दोरी टेबलावर मांडली. मुलगी खोटं बोलली नव्हती. दोरी मी कापली होती, पण गाठ शाबूत होती, आणि गाठीवरचा खळीचा थेंब जसाच्या तसा होता. वाळलेली खळ गाठ सोडताच पापुद्र्यासारखी उडते, परत चिकटत नाही. सोमवारपर्यंत ती पेटी कुणीच उघडलेली नव्हती.

मग पेटीच्या खालच्या कडेची पट्टी बघितली. वायरीच्या तोंडाशी कापडाचे धागे आत मुडपले होते. कुणीतरी तिथून वायर घातली होती. त्यातून जरा बरं वाटलं आणि जास्त वाईट वाटलं. परक्या माणसाला गाठीची फिकीर नसते. तो दोरी सोडतो, काम करतो, जमेल तशी बांधतो. माझी गाठ परत बांधता येणार नाही आणि खळीचा थेंब तुटलेला मला दिसेल, हे या दुकानात वाढलेल्या माणसालाच कळतं. आणि पट्टीमागे तोंड असतं हेही त्यालाच माहीत.

तर वायर मुलीनं घातली. कॉम्प्युटरला जोडली. पण मग अडलं. फोनवालीनं सांगितलं होतं, वायर लावताना बटण दाबून धरावं लागतं. पेटी बंद. फोन आत. चारी बाजूंनी पुठ्ठा. बंद पेटीतलं बटण बाहेरून कोण दाबणार?

५

गुरुवारी दुपारी एक बाई तिच्या नवऱ्याच्या पत्रांसाठी केलेली पेटी न्यायला आली. पेटी मी आदल्या दिवशीच केली होती. सवयीनं बोलून गेलो, "आठ दिवस उघडी ठेवा. आत काही ठेवू नका. वरून कोरडी लागते, पण पुठ्ठ्यात खळीची ओल असते. कागद फुगेल, शाई उतरेल."

हे वाक्य मी चाळीस वर्षं म्हणतोय. बाई मान हलवून गेली. मी तिथंच उभा राहिलो.

आठ दिवस. बायकोच्या फोनची पेटी मी दुपारी केली आणि फोन त्याच संध्याकाळी आत ठेवला होता.

मी ती पेटी फळीवरून काढली आणि खिडकीपाशी नेली. आतल्या उजव्या भिंतीला पांढरा कागद आहे. त्या कागदावर, वरून तीन बोटांवर, मसुराच्या डाळीएवढा खळगा होता. खळग्याभोवती पिवळट तपकिरी डाग. नखानं खरवडून वास घेतला. सरसाचा वास आमच्या धंद्यात कुणाला विसरता येत नाही.

मग मी खुर्चीत बसलो आणि सगळं ओळीनं लावलं.

मी फोनचं माप घेतलं ते पुठ्ठ्यावर फोन आडवा ठेवून, पेन्सिल फिरवून. कडेच्या थेंबाची जाडी त्यात आली नाही. तो थेंब मला माहीत होता, ती रोज चाचपायची, पण त्या दिवशी माझं लक्ष कुठं होतं? पेटी घट्ट झाली. फोन आत बसला तेव्हा भिंतीनं थेंब दाबला आणि थेंबानं बटण दाबलं. एवढ्यावर थांबलं असतं तर फोन बाहेर काढल्यावर बटण उसळून वर आलं असतं. पण पेटी ओली होती. सरस ओलीनं मऊ होतो. दाबाखाली तो पसरला, बटणाच्या कडेच्या फटीत उतरला, आणि पेटी वाळली तसा तिथंच वाळून काच झाला. बटण खाली गेलं ते खालीच राहिलं. मुलीनं नुसती वायर लावली. बटण मी आधीच दाबून ठेवलं होतं, एकवीस दिवस.

आणि फोन परत परत त्याच दारात का येतो तेही त्यातच आलं. आतली व्यवस्था वगैरे काही बिघडलेली नव्हती. बटण अजून दाबलेलं होतं.

हे खरं असेल तर आत सगळं असणार. पण फोन माझ्याकडे नव्हता, फोनवालीकडे होता, आणि सकाळी तिचा निरोप येऊन गेला होता: काका, बॅटरी पूर्ण संपलीय, काय ते आज ठरवा. मी तिला कळवलं, काही करू नका, येतोय. मुलीला फोन केला. म्हणालो, असशील तशी ये.

६

मी पोचलो तेव्हा फोन कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि पडदा निळा होता.

"काही भरलं नाही ना?"

"नाही हो काका. नुसता चार्ज करतेय. तुम्ही पळत आलात की काय? बसा. या वयात पळायचं असतं का?"

मुलगी माझ्या मागोमाग आली, दम लागलेली. मी फोन उचलला. एका कडेला दोन बटणं, आवाज वाढवायचं आणि कमी करायचं. वरचं दाबलं, ते टक् करून परत आलं. खालच्यावर बोट ठेवलं. ते टकटक करत नव्हतं, हलतच नव्हतं.

फोनवालीनं भिंग लावलं. "हा टिपका मी बघितला होता. वाटलं, खूण म्हणून लावलाय."

"खूणच आहे. आता कुलूप झालंय."

मी सगळं सांगितलं. मापाचं, ओल्या पेटीचं, सरसाचं. मुलगी ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, म्हणालो, "आता तुझं सांग."

"चार्ज करायला जोडला, बाबा." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मोबाइल बंद पडून राहिला की बॅटरी कायमची मरते असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं. मला झोप लागेना. तुम्ही हात लावायचा नाही म्हणाला होतात. म्हटलं, पेटी उघडायचीच नाही. नुसती खालून वायर. माझ्या वायरीला भिंतीतला प्लग नाही, मी कॉम्प्युटरवरच लावते नेहमी. पाऊण तास ठेवला. आत काय झालं ते मला दिसलंच नाही. सोमवारी तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, मीच आईला..."

"गप."

"पण मीच ना?"

"तू अर्धं. अर्धं मी. तुझं अर्धं तरी चांगल्या बुद्धीचं होतं. मी चाळीस वर्षं लोकांना शिकवतोय आणि ओल्या पेटीत वस्तू घातली."

फोनवाली म्हणाली, "दोघंही नंतर रडा. आता बटणाचं काय करायचं ते सांगा. मी खोलून काढू?"

"नको. सरस आहे. माझं काम आहे."

तिनं फोन वायरीतून काढला आणि बंद केला. मी कोमट पाण्यात फडक्याचं टोक बुडवून घट्ट पिळलं आणि कडेला टेकवलं. ती शेजारी कापूस घेऊन बसली, पाण्याचा कण आत जाऊ नये म्हणून. दोन मिनिटं धरायचं, पुसायचं, परत धरायचं. माझ्या खिशात घडी दाबायची हाडाची पट्टी असते. त्या पट्टीचं टोक मी फोनवालीच्याच कानशीवर घासून कागदाएवढं पातळ केलं आणि बटणाच्या फटीतून फिरवलं. सरस चिकट झाला, मग तार निघावी तसा निघाला. मुलगी माझ्या हातावर उजेड धरून उभी होती.

टक्.

बटण वर आलं. फोनवालीनं तो अर्धा तास गरम दिव्याखाली वाळवला. मग चालू-बंदचं बटण धरलं. पडदा काळाच राहिला. मी मनात आकडे मोजले, पंधरापर्यंत, मग वीसपर्यंत. मग पडद्यावर नेहमीचा उजेड आला, आणि त्यानंतर आमच्या खिडकीतल्या कुंडीचा फोटो, जो बायकोनं लावला होता.

मुलीनं साठवलेल्या बोलण्यांची यादी उघडली. दोनशे बारा होती. तिनं पहिल्यावर बोट ठेवलं.

"अहो," बायको म्हणाली, "पान एक. वरची ओळ, खोकला तीन दिवस, ताप नाही. खालची ओळ, मूल रात्री शांत झोपलं. लावलं?"

फोनवालीनं दुकानाचा पडदा ओढून घेतला आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी मुलीनं सगळी बोलणी तीन ठिकाणी उतरवून ठेवली. आता तो आवाज कुठं जात नाही. मेहुण्याला मी कळवलं की त्याच्याबद्दल आत एकच वाक्य सापडलंय, बावन्नाव्या पानानंतरचं: धाकट्याला फोन करायचाय, आठवण करा हो. त्यानं फोन ठेवला. मला ती आठवण करायची होती. मी ते त्या वेळी ऐकलं नव्हतं, शेजारच्या खोलीत पुठ्ठा कापत होतो.

शनिवारी डॉक्टर बहिणीला घेऊन आले. साठ पानं लागली होती. बहीण ठसक्यात बसली, हातात पिशवी, पानं न्यायला आणलेली. मी फोन लावला. नऊ पानं तिनं ऐकली. दरवेळी बायको शेवटी विचारायची, लावलं? आणि मी पान ठेवून म्हणायचो, लावलं. नवव्या पानाला बहिणीनं पिशवीची घडी केली.

"घाई नाही," ती म्हणाली. "होईल तेव्हा होऊ दे."

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते.

त्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मनात आणलं तर उरलेलं काम एका दुपारचं आहे, हे डॉक्टरांनाही माहीत आहे. काल ते आले होते, वहीचं विचारलं नाही, जेवलात का विचारलं. मी रोज दोन-तीन पानं लावतो, काही दिवशी एकच. बटणावर सरसाचा नवा थेंब टाकला आहे. पेटी नवी केली, ती आठ दिवस उघडी ठेवून वाळवली. वही शिवायला बसायची आहे, ते काम मला नीट येत नाही, शिकावं लागेल.

एकेचाळीस पानं लावायची राहिली आहेत.